सोन्याची निब
१८८४ मध्यें न्यूयॉर्कच्या वॉटरमननें झरणीचें पेटंट घेतलें. तिची निब सोन्याची असे, ती मिरविण्यासाठीं नव्हे. मायफळ व हिराकस यांच्या शाईंतील आम्ल पोलाद खाई. सोन्यास तें बाधत नसे. परंतु सोनें मऊ, कागदावर झिजणारें. म्हणून हॉकिन्सनें इंग्लंडांत १८३४ मध्येंच त्याच्या अग्रीं इरिडियमयुक्त कठीण धातूचा कण बसविला होता.

दुरुस्तीचें मर्मही यांतच आहे. वांकलेल्या पाती गुळगुळीत पितळी ठोकळ्यावर, भिंगांतून पाहत, हलक्या दाबानें सरळ होतात. मात्र वारंवार वळविल्यास सोनें ताठरतें व तडकतें. खरखरणारा कण सहाणेवर घांसण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा. नवा कण जोडतां येतो. परंतु जुन्या कणावर पूर्वीच्या मालकाच्या हातानें पाडलेला कल एकदां घांसला गेला, कीं कोणत्याही कारागिरास परत आणतां येत नाहीं.