भास्कराचार्यांचे अश्वमूल्याचे उदाहरण

शके १०७२ (इ. स. ११५०) च्या सुमारास रचलेल्या ‘बीजगणिता’त भास्कराचार्यांनी पुढील व्यावहारिक उदाहरण दिले आहे. एकाजवळ ३०० रूपे व ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ १० घोडे असून त्यास १०० रूपांचे ऋण आहे. घोडे सममूल्य आणि दोघांचे धनही सम. तर एका घोड्याचे मोल किती?

आचार्य प्रथम अज्ञात मोलास ‘यावत्तावत्’ हे नाव देतात व दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडतात : या ६ रू ३००, या १० रू १००, पैकी ऋण अंकावर बिंदू. पुढे दोनच पायऱ्या. पहिल्या पक्षातील अज्ञात दुसऱ्यातून आणि दुसऱ्यातील रूपे पहिल्यातून वजा करता या ४ व रू ४०० उरतात. भागाकाराने मोल १०० येते. प्रत्येकाचे धन ९००.

येथे बरोबरीचे चिन्ह नाही. ते युरोपात रेकॉर्डच्या ग्रंथात १५५७ साली अवतरले. तथापि एवढ्यावरून ही पद्धती अपुरी ठरविणे युक्त नव्हे. समता मांडणीतूनच व्यक्त होते. ‘जितके-तितके’ हा वाक्यातील संबंध अज्ञाताचे नाम बनतो आणि व्यवहारातले ‘ऋण’ वजा राशीचे. उदाहरणाचे समीकरण होते ते या नामकरणात, आकडेमोड त्यानंतरची.