पुवातून मिळालेले द्रव्य

पेशी कोणत्या रसायनांची बनलेली असते, हे आपण वर्गात एका दमात सांगतो: पाणी, क्षार, कर्बोदके, मेद, प्रथिने आणि न्यूक्लिइक आम्ले. मुले यादी पाठही करतात. पण यादीतले शेवटचे नाव फार उशिरा आले, आणि आल्यावरही पाऊणशे वर्षे त्याला कोणी फारशी किंमत दिली नाही. असे का झाले असावे?

त्याचे एक कारण प्रथिनांच्या मानात आहे. 'प्रोटीन' हा शब्द मुल्डर या डच रसायनशास्त्रज्ञाने १८३८ साली रूढ केला; सुचवला होता बर्झेलियसने. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'पहिल्या क्रमांकाचे'. पेशीचे सारे महत्त्वाचे व्यवहार प्रथिनेच करतात, ही समजूत पुढे घट्ट होत गेली.

१८६८ साली बाझलचा फ्रीड्रिख मीशर हा २४ वर्षांचा डॉक्टर जर्मनीतील ट्यूबिंगेनला फेलिक्स होपे-झायलर यांच्याकडे आला. लहानपणीच्या आजाराने त्याला कमी ऐकू येई, म्हणून रुग्ण तपासण्याऐवजी त्याने रसायनशास्त्र जवळ केले. प्रयोगशाळा होती किल्ल्याच्या जुन्या स्वयंपाकघरात. त्याला अभ्यासायची होती पांढऱ्या रक्तपेशींतली प्रथिने. पण एवढ्या पेशी आणायच्या कुठून? जवळच्या रुग्णालयातून तो जखमांवरच्या पुवाने भिजलेल्या पट्ट्या आणू लागला. पू म्हणजे मुख्यत: पांढऱ्या पेशीच!

सोडियम सल्फेटच्या पातळ द्रावणाने पेशी धुवायच्या, अल्कोहोलने मेद काढून टाकायचा, मग डुकराच्या जठरातून काढलेल्या पेप्सिनने प्रथिने पचवायची. एवढे करून उरत ती केंद्रके. त्यांतून निघालेले द्रव्य अल्कलीत विरघळे आणि आम्ल घातले की पुन्हा साक्याच्या रूपात खाली बसे. प्रथिन असते तर पेप्सिनने ते सोडले नसते. शिवाय त्यात फॉस्फरस भरपूर होता. प्रथिनांत तो एवढा नसतो. मीशरने त्याला 'न्यूक्लिन' म्हटले. हे १८६९ सालचे.

होपे-झायलर यांना मात्र शंका आली. फॉस्फरस लेसिथिनसारख्या मेदद्रव्यातही असतो. तोच तर मिसळला नसेल? त्यांनी सगळे प्रयोग स्वत: करून पाहिले आणि निबंध १८७१ मध्ये छापला. ही सावधगिरी आम्हाला योग्यच वाटते. विद्यार्थ्यांना मूळ शोधाइतकीच ती सांगायला हवी.

पुढे बाझलला मीशरला पुवापेक्षा चांगली सामग्री मिळाली. ऱ्हाइन नदीत अंडी घालायला येणाऱ्या सामन माशांच्या शुक्रपेशीचे डोके म्हणजे जवळजवळ निव्वळ केंद्रकच. गरमीने द्रव्य बिघडू नये म्हणून तो हिवाळ्यात, थंडगार खोलीत काम करी. १८९२ साली मामा विल्हेल्म हिस यांना लिहिलेल्या पत्रात त्याने एक विलक्षण कल्पना मांडली: वर्णमालेच्या २४ ते ३० अक्षरांत जशी सर्व भाषांतली शब्दसंपत्ती मावते, तशी आनुवंशिकतेतली विविधता मोठ्या रेणूंच्या रचनेतील फरकांत मावू शकेल. पण हे रेणू म्हणून त्याच्या डोळ्यांसमोर होती प्रथिने! अक्षरांची उपमा त्याला सुचली, द्रव्यही त्यानेच शोधले होते. दोन्हींची गाठ पडली नाही. १८९५ साली तो क्षयाने गेला.

नाव बदलून 'न्यूक्लिइक आम्ल' झाले ते १८८९ साली, रिचर्ड आल्टमान यांच्यामुळे. आल्ब्रेख्त कोसेल यांनी त्यातील नत्रयुक्त बेस ओळखले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील फीबस लेव्हीन यांनी त्यातील शर्करा शोधल्या, पण चारही बेस सारख्याच प्रमाणात असतात असा निष्कर्षही काढला. त्या वेळच्या मोजणीतून तसे दिसे. चार घटकांची तीच ती साखळी कोणता निरोप वाहून नेणार? याउलट प्रथिनांजवळ वीस अमिनो आम्ले होती. हा तर्क चुकीचा ठरला, पण वेडगळ नव्हता.

१९४४ साली त्याच संस्थेत एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅक्कार्टी यांनी दाखवले, की न्यूमोनियाच्या निरुपद्रवी जीवाणूला घातक प्रकारात बदलणारे द्रव्य डीएनए आहे. तरीही अनेकांनी, त्यात प्रथिनाचा अंश राहिला असेल, असेच म्हटले. होपे-झायलर यांच्यासारखीच ही शंका! एर्विन शार्गाफ यांनी मग कागदी क्रोमॅटोग्राफीने बेस मोजले. अॅडेनीन थायमिनइतके, ग्वानिन सायटोसिनइतके भरले. पण दोन्ही जोड्यांचे एकमेकींशी प्रमाण जातीगणिक वेगळे निघाले. ते आकडे १९५० साली प्रसिद्ध झाले आणि सर्व बेस सारखे ही समजूत संपली.