मडक्याची भिंत

विद्युतघटाच्या इतिहासात मानाचे पान व्होल्टाला मिळते. २० मार्च १८०० रोजी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून आपल्या चळतीची माहिती कळवली: जस्त आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. सलग वाहणारी वीज माणसाच्या हाती प्रथमच आली. त्याच वर्षी निकल्सन आणि कार्लाइल यांनी तिच्या जोरावर पाण्याचे घटक वेगळे केले. तरीही वीज रोजच्या कामाला जुंपली जाण्याचे श्रेय मला दुसऱ्याच एका वस्तूला द्यावेसे वाटते. ती म्हणजे लंडनच्या किंग्ज कॉलेजातील रसायनशास्त्राचा प्राध्यापक जॉन फ्रेडरिक डॅनियल याने १८३६ मध्ये दोन द्रावणांच्या मध्ये घातलेली सच्छिद्र भिंत. आधी तिच्यासाठी बैलाची अन्ननलिका वापरली गेली, नंतर बिनझिलईचे मातीचे भांडे आले.

भिंतीची गरज का पडली हे मोरचुदाच्या पाण्यात जस्ताची पट्टी बुडवली की कळते. पट्टीवर काळपट-तांबूस थर धरतो, निळा रंग फिका होत जातो, पाणी कोमट होते. वीज मात्र हाती लागत नाही. जस्ताने सोडलेले इलेक्ट्रॉन तांब्याचे आयन जागच्या जागी उचलतात आणि सारी ऊर्जा उष्णता होऊन जाते. डॅनियलने जस्त आतल्या भांड्यात विरल गंधकाम्लात ठेवले, तर तांबे बाहेर मोरचुदाच्या द्रावणात. आता इलेक्ट्रॉनांना जस्ताकडून तांब्याकडे जायला बाहेरच्या तारेखेरीज वाट उरली नाही. पण भिंत पूर्ण बंद असून चालत नाही. तिच्या छिद्रांतून आयन सरकले नाहीत, तर दोन्ही बाजूंना विद्युतभार साचून प्रवाह क्षणात थांबतो. द्रावणे मिसळू द्यायची नाहीत आणि आयन अडवायचे नाहीत, असे दुहेरी काम ते साधे भांडे करते.

हा व्होल्टाच्याच कल्पनेचा किरकोळ सुधार, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. दोन धातूंच्या नुसत्या स्पर्शाने वीज निर्माण होते, अशी व्होल्टाची समजूत होती. द्रवात काय घडते याकडे त्याने दुय्यम म्हणून पाहिले. त्याच्या रचनेत हायड्रोजनचे बुडबुडे धातूला चिकटत आणि प्रवाह लवकरच मंदावे. डॅनियलच्या घटात हायड्रोजनऐवजी तांबेच तांब्यावर बसते, म्हणून सुमारे १.१ व्होल्टचा दाब बराच काळ टिकतो. तारायंत्राला नेमके हेच हवे होते. ग्रोव्हचा १८३९ चा घट जवळजवळ १.९ व्होल्ट देई, हे खरे; पण त्यातल्या नायट्रिक आम्लातून विषारी तांबूस धूर निघे. शिवाय सच्छिद्र भांडे त्यातही होतेच.

अधिक वजनदार आक्षेप १८६० च्या दशकातल्या गुरुत्व-घटाचा आहे, कारण त्यात भिंतच नाही. तळाशी तांबे आणि मोरचुदाचे जड द्रावण, वर टांगलेले जस्त आणि झिंक सल्फेटचे हलके द्रावण. मात्र विभागणी इथेही आहे, फक्त ती घनतेतल्या फरकाने राखलेली आहे. शिवाय ती नाजूक: प्रवाह बंद ठेवला की निळे द्रावण हळूहळू वर चढते आणि जस्तावर तांबे बसू लागते. म्हणूनच हा घट अमेरिकेतल्या तारमार्गांना मानवला, कारण तिथे संदेश नसतानाही मंडल जोडलेले असे आणि प्रवाह वाहत राही.