मास्टर विठ्ठल : तलवारीचा नायक आणि बोलता पडदा

पाबळ म्हटले की लोकांना मस्तानीची कबर आठवते. मला तिच्याबरोबर जत्रेतला सिनेमाचा तंबूही आठवतो. शाळकरी वयात त्या तंबूत मी ‘एंटर द ड्रॅगन’ पाहिला. चित्रपट इंग्रजी, आणि इंग्रजी समजणारे गावात दोन-चारच. पण कुणाचे काही अडले नाही. पुढे महिनाभर तालमीतली पोरे जोर-बैठका सोडून हवेत लाथा झाडत होती आणि वस्ताद कपाळाला हात लावत होते. आमचे एक चुलत आजोबा तरुणपणी मुंबईला गिरणीत होते. ते म्हणाले, “यात काय नवल? असल्या उड्या आमचा मास्टर विठ्ठल मारायचा.”

हे नाव मी तेव्हा प्रथम ऐकले. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील ग्रंथालयात बसू लागलो, तेव्हा आजोबांचे बोलणे पोकळ नव्हते हे कळले.

मास्टर विठ्ठल नाटकातले बालनट. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते संकलनाचे काम करत. ‘कल्याण खजिना’ (१९२४) या मूकपटात ते पडद्यावर आले, तेही नर्तकीच्या छोट्या भूमिकेत. मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीने मात्र त्यांच्यातला लढवय्या ओळखला. ‘रतन मंजरी’ (१९२६) मध्ये ते नायक झाले आणि मग तलवारबाजी, घोडदौड, तटावरून उड्या अशा साहसपटांची रांगच लागली. ‘भारताचे डग्लस फेअरबँक्स’ अशी त्यांची ख्याती झाली. मूकपटांच्या काळातील सर्वाधिक मानधन घेणाऱ्या नटांत त्यांची गणना होते.

या लोकप्रियतेचे कारण प्रेक्षकांत शोधावे लागते. मूकपटात संवादाच्या पाट्या येत. ज्याला अक्षर येत नसे तो शेजाऱ्याकडून त्या वाचून घेई. पण तलवार उपसली की पाटी लागत नसे. मुंबईच्या चित्रपटगृहांत मराठी, गुजराती, उर्दू बोलणारे कामकरी शेजारी-शेजारी बसत. त्या सर्वांना एकाच क्षणी कळणारी गोष्ट विठ्ठलांच्या अंगात होती. मराठी माणसाला तर दांडपट्टा आणि पोवाडा यांमुळे असा वीर ओळखीचाच होता.

म्हणूनच अर्देशीर इराणींनी पहिल्या बोलपटासाठी त्यांनाच निवडले. शारदा कंपनीने कराराचा भंग झाला म्हणून त्यांना कोर्टात खेचले. विठ्ठलांचे वकीलपत्र घेतले बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी, आणि दावा जिंकला. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ झळकला. पण ज्या भाषेचा बोलपट, ती हिंदी-उर्दू विठ्ठलांच्या जिभेवर बसेना. शेवटी नायकाला बराच वेळ गुंगीत दाखवून निभावून नेले! पहिल्या भारतीय बोलपटाचा नायक जवळजवळ मुकाच राहिला.

त्यांची कारकीर्द तिथे संपली नाही. पुण्याच्या सरस्वती सिनेटोनसाठी त्यांनी ‘आवारा शहजादा’ (१९३३) दिग्दर्शित केला. ‘छत्रपती संभाजी’ (१९३४) सारख्या मराठी ऐतिहासिक बोलपटांत ते दिसले आणि पुढे चरित्र भूमिकांकडे वळले. १९६९ मध्ये ते गेले. पण बोलपट आल्यावर नायकाकडून आधी शुद्ध उच्चार आणि गाता गळा अपेक्षिला जाऊ लागला. अंगातले कसब मागे पडले.

ब्रूस ली यांची गोष्ट इथे ताडून पाहण्यासारखी आहे. तेही नाटकवाल्यांच्या घरातले. वडील कँटोनीज संगीतनाट्यातले नट, आणि त्यांच्या अमेरिका दौऱ्यातच १९४० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मुलाचा जन्म झाला. ‘द बिग बॉस’ (१९७१) पासून १९७३ मधील मृत्यूपर्यंत जेमतेम दोन वर्षांत त्यांनी जगभर नाव केले. त्या काळी हाँगकाँगमध्ये चित्रपट ध्वनीविना चित्रित होत आणि संवाद नंतर भरले जात. ली कँटोनीज बोलत, आणि पडद्यावर दुसऱ्याच कुणाच्या आवाजात मँडरिन ऐकू येई. त्याने त्यांचे काहीही बिघडले नाही. विठ्ठलांना जी उणीव भोवली, ती चाळीस वर्षांनी ली यांच्या बाबतीत उणीवच उरली नव्हती.

दुसरा फरक अधिक जिव्हारी लागणारा आहे. ली यांचे चित्रपट आजही लावता येतात. आपल्याकडे सुमारे १,३०० मूकपट निघाले. त्यांतले मोजकेच उरले. नायट्रेटच्या फिती पेट घेत, कुजत. काही तर त्यांतल्या चांदीसाठी वितळवल्या गेल्या. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही, आहेत ती छायाचित्रे आणि जाहिराती. एखाद्या नटाचे आकर्षण टिकले नाही असे आपण सहज म्हणतो. पण ते पारखायला पुढच्या पिढीपाशी निदान त्याची फीत तरी हवी.

त्या रात्री तंबूतून परतताना आजोबा वाटेत थांबले. विठ्ठल तलवार कशी फिरवत, ते त्यांनी हातातल्या काठीने दाखवले. वय सत्तरीच्या पुढचे, पण मनगट सफाईने वळले. एवढे वाचूनही, लढणारा मास्टर विठ्ठल मी पाहिला तो तेवढाच.