गुलमर्ग की औली?

हिमालयात बर्फ पाहायला जाणे आणि बर्फावर स्कीइंग शिकायला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी दिवसातले काही तास पुरतात. श्रीनगरहून सकाळी निघावे, टंगमर्गला भाड्याचा लांब कोट आणि गमबूट चढवावेत, छायाचित्रे काढावीत आणि अंधार पडण्यापूर्वी परतावे. महाराष्ट्रातून जाणाऱ्या बऱ्याच सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत गुलमर्गच्या वाट्याला एवढेच येते. स्कीइंग शिकायचे तर किमान एक आठवडा हाताशी हवा. हा आठवडा कोठे घालवावा, या प्रश्नाला भारतात प्रामुख्याने दोन उत्तरे आहेत: काश्मीरमधील गुलमर्ग आणि उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील औली. मनालीजवळच्या सोलंगलाही स्की भाड्याने मिळतात. परंतु तेथील गर्दीत शिकण्यापेक्षा इतरांना चुकवण्यातच वेळ जातो.

दोन्ही ठिकाणे मुळात गुरांची कुरणे. काश्मिरी ‘मर्ग’ आणि गढवाली ‘बुग्याल’ यांचा अर्थ जवळपास एकच. साम्य मात्र येथेच संपते. गुलमर्गचे पठार सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथून निघणाऱ्या गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो कोंगडोरीपर्यंत, म्हणजे साधारण ३,१०० मीटरपर्यंत नेतो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट पर्वताच्या खांद्यावर, ३,९०० मीटरहून अधिक उंचीवर पोहोचतो. औलीचा उतार सुमारे २,५०० ते ३,०५० मीटरच्या दरम्यान आहे. म्हणजे औली जेथे संपते, तेथे गुलमर्गचा निम्मा डोंगर अजून बाकी असतो.

हा निम्मा डोंगरच गुलमर्गची कीर्ती आहे आणि धोकाही. परदेशी स्कीपटू येतात ते अफरवटच्या भुसभुशीत, न दाबलेल्या बर्फासाठी. नवशिक्याचे तेथे काहीही काम नाही. तिकीट मिळते म्हणून वर जाणे आणि वरून स्कीवर उतरता येणे यांत अंतर आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्ग परिसरात हिमस्खलनाखाली सापडून लष्कराचे १७ जवान मृत्युमुखी पडले. फेब्रुवारी २०२३ मध्ये पोलंडच्या दोन स्कीपटूंचा, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रशियन स्कीपटूचा असाच अंत झाला.

२०२४ चा तो हंगाम मुद्दाम आठवण्याजोगा आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत गुलमर्गच्या उतारांवर बर्फाऐवजी वाळलेले गवत दिसत होते आणि पर्यटक आरक्षणे रद्द करीत होते. फेब्रुवारीत जोरदार हिमवृष्टी झाली, सर्वांना हायसे वाटले आणि त्याच महिन्यात दुर्घटना घडली. कडाक्याच्या थंडीत पातळ थराचे रूपांतर साखरेसारख्या सुट्या कणांत होते. त्यावर अचानक जाड, जड थर साचला की तो खालच्या कणांना धरून राहत नाही. तेव्हा उशिरा आलेला भरघोस बर्फ नवशिक्याला कितीही मोहक वाटला, तरी हिमवृष्टीनंतरचे एकदोन दिवस खालच्या उतारांवरच राहणे इष्ट. हिमगस्ती पथकाने बंद केलेल्या भागात तर अनुभवी मित्राच्या आग्रहाखातरही जाऊ नये.

सुदैवाने शिकण्याचा उतार गोंडोलाच्या पायथ्याशीच, गुलमर्गच्या खोलगट मैदानात आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था येथे आहे. तिच्या वर्गांसाठी आगाऊ अर्ज करावा लागतो. रस्त्यात गाठून ‘दोन तासांत शिकवतो’ म्हणणाऱ्यांपेक्षा हा मार्ग केव्हाही बरा. पहिले दोन दिवस पडणे, उठणे आणि स्कीची टोके एकत्र, टाचा दूर ठेवून वेग आवरणे एवढ्यातच जातात.

औलीची गोष्ट वेगळी. मुख्य उतार डोळ्यांसमोर पूर्ण दिसतो, दोन्ही बाजूंना वृक्षराजी आणि समोर नंदादेवीचे ७,८१६ मीटर उंचीचे शिखर. हिमस्खलनाची धास्ती अफरवटच्या तुलनेत फारच कमी. गढवाल मंडल विकास निगमातर्फे सात आणि चौदा दिवसांचे वर्ग घेतले जातात. लहान मुलांसह शिकू पाहणाऱ्या कुटुंबाला, केवळ उताराचा विचार केला तर, मी औलीच सुचवीन.

पण केवळ उताराचा विचार करून भागत नाही. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ काश्मीरला आधी आणि अधिक बर्फ देतात. गढवालपर्यंत पोहोचताना त्यांचा जोर बराच ओसरलेला असतो. २०११ मध्ये पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा भरवणाऱ्या औलीला फेब्रुवारी २०२३ मध्ये बर्फाअभावी राष्ट्रीय स्पर्धा रद्द कराव्या लागल्या. कृत्रिम बर्फाची यंत्रे आहेत, पण हवाच पुरेशी थंड नसेल तर त्यांचाही इलाज चालत नाही. गुलमर्गही यातून सुटलेले नाही. २०२५ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा तेथे फेब्रुवारीऐवजी मार्चमध्ये घ्याव्या लागल्या.

प्रवासाचा हिशेबही औलीच्या विरुद्ध जातो. मुंबई-पुण्याहून विमानाने श्रीनगर गाठले की गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर उरते. औलीसाठी डेहराडूनला उतरून ऋषिकेशपुढे जवळपास २५० किलोमीटरचा घाटरस्ता, म्हणजे सबंध दिवस मोडतो. जोशीमठ (२०२४ पासून अधिकृत नाव ज्योतिर्मठ) ते औली हा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचू लागल्यावर बंद करण्यात आला. त्या वेळी गावातील आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले होते. तेव्हा रोपवेवर भिस्त न ठेवता रस्त्यानेच जाण्याची तयारी ठेवावी.

एकच आठवडा रजा असेल, तर गुलमर्ग. दहा-बारा दिवस असतील आणि शांतता हवी असेल, तर औली. चिल्लई कलान हा काश्मीरमधील कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ ३० जानेवारीला संपतो. त्यानंतरचा पंधरवडा दोन्हीकडे त्यातल्या त्यात भरवशाचा. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीरमधील अनेक पर्यटनस्थळे काही काळ बंद ठेवण्यात आली होती. म्हणून आरक्षण रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, हे आधीच लेखी घ्यावे. प्रवास विम्यात स्कीइंगचा समावेश आहे का, तेही वाचून पाहावे, पुष्कळदा नसतो. जीन्स नेऊ नये. ती तासाभरात ओली होते आणि दिवसभर वाळत नाही.