मल्लखांब

कुस्तीगिराच्या सरावातून वाढलेला महाराष्ट्राचा देशी व्यायामप्रकार. मल्ल म्हणजे पैलवान, खांब हा त्याचा न दमणारा जोडीदार. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात याचा उल्लेख आढळतो. पुढे विस्मरणात गेलेल्या या विद्येला दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नवे रूप दिले. निजामाच्या पदरच्या पैलवानांचे आव्हान स्वीकारून ते वणीच्या सप्तशृंगीला गेले आणि तेथे त्यांना मारुतीचा दृष्टांत झाला, अशी आख्यायिका आहे. दृष्टांताचे राहू द्या, खांबावरच्या उड्या पाहिल्या की मारुतीच का, हे कळते.

पुरलेला मल्लखांब सागाचा किंवा शिसवीचा, वर निमुळता होत जाणारा. त्याच्या टोकाला मान आणि बोंड. घर्षण कमी व्हावे म्हणून एरंडेल चोळतात. अढी, तेढी, बगली, दसरंग, फरारे, सुईदोरा, ताजवे ही उड्यांची व पकडींची नावेच अस्सल आखाड्यातली. टांगता आणि दोरीचा हे अन्य प्रकार. दोरीवर मुली विशेष रमल्या. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकवेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी व्यायामांची प्रात्यक्षिके दाखवली. २०१९ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा मुंबईत, शिवाजी पार्कवर झाली.