बिदरच्या मिरवणुकीतलं छत्र

सोलापूरच्या भुईकोटाबाहेर ऊन रणरणतंय, पण साल १४७० च्या आसपासचं आहे. मुलूख बहमनींचा. कापडगिरण्या अजून चार शतकं लांब. एका तांड्याबरोबर तुम्ही पूर्वेची वाट धरता, नळदुर्ग मागे पडतो, आणि बिदरला पोचता तेव्हा ईद असते.

गर्दीत एक परदेशी व्यापारी उभा आहे. रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितीन. चौलला उतरून जुन्नरमार्गे आलाय. जुन्नरच्या खानानं त्याचा घोडा हिसकावला होता, मुसलमान झालास तरच परत देईन म्हणून. एका खुरासानी सरदारानं रदबदली केली तेव्हा कुठे सुटका झाली. त्याच्याच शेजारी उभे राहा. त्याच्या नजरेतून फारसं काही सुटत नाही.

चिलखत घातलेले हत्ती येतात, मग सोन्याच्या खोगिरावर सुलतान. त्याच्यापुढे एक माणूस पायी नाचत, छत्र खेळवत चाललाय. हे सगळं निकितीन आपल्या टिपणांत नोंदवतो, पण छत्राला ‘तेरेमेत्स’ म्हणतो, म्हणजे छोटीशी माडी. अनोळखी वस्तूला त्यानं आपल्या घरचं नाव दिलं.

त्याला हाक मारून सांगावंसं वाटतं, अरे, ‘छत्र’ या शब्दाचा सोयरा तुझ्या भाषेत आहे! रशियन ‘शातेर’, म्हणजे तंबू. त्याचा माग भाषापंडित असा लावतात: संस्कृत छत्र, फारसी ‘चत्र’, मग तुर्की टोळ्यांचा ‘चातिर’. राजाच्या डोक्यावरची सावली गवताळ प्रदेशात पोचली आणि अख्ख्या बिऱ्हाडाचं छप्पर झाली. घोडेस्वारांकडून ती स्लाव्ह लोकांनी उचलली. युक्रेनियन ‘शात्रो’, बल्गेरियन ‘शात्रा’ याच घराण्यातले. सर्बियन ‘शातोर’ मात्र हंगेरीचा वळसा घेऊन आला. आपल्याकडे त्याच छत्राची पावसातली छत्री झाली, समाधीवरची छत्री झाली, आणि रायगडावर १६७४ साली ते छत्रपती या बिरुदात विराजमान झालं.

निकितीन घरी पोचलाच नाही. परतीच्या वाटेवर, स्मोलेन्स्कच्या अलीकडेच तो गेला. टिपणं तेवढी मॉस्कोला पोचली. पुढे १५३२ साली मॉस्कोजवळ कोलोमेन्स्कोयेला एक उंच चर्च उभं राहिलं. त्याच्या निमुळत्या, आभाळात घुसणाऱ्या छपराला रशियन माणूस आजही ‘शातेर’च म्हणतो.